बीटा पेशी गेल्या, अल्फाही गेल्या: कोपरखैरण्यातल्या एका माथाडी कामगाराचं प्रकरण

(रुग्ण आणि त्यांच्या पत्नीच्या परवानगीने लिहिलं आहे. नाव, वय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सुभाषभाऊ, वय 34. गाव साताऱ्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं, राहायला कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, काम तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात. रात्री बाराच्या सुमारास टोळी हजर होते, नाशिक आणि पुण्याकडून आलेल्या गाड्या पहाटेपर्यंत खाली होतात. 50 किलोची गोणी पाठीवर, गाडीपासून गाळ्यापर्यंत, रात्रभर. सकाळी नऊ-दहाला घरी, अंघोळ, जेवण आणि झोप. गळ्यात तुळशीची माळ. दारू नाही, तंबाखू नाही, मांसाहार नाही. एकादशी कधी चुकलेली नाही.

माझा दवाखाना वसाहतीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना 'शुगर' निघून दोन वर्षं झाली होती. एका तपासणी शिबिरात ती 340 निघाली, टाइप 2 मधुमेह म्हणून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू झालं, आणि पुढे जो डॉक्टर भेटेल तो गोळी थोडी वाढवत गेला. माझ्याकडे आले तेव्हा उंची 168 सेंटीमीटर, वजन 47 किलो, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 11.8.

मीही गोळी वाढवली. पुढचे चार महिने मी तेच करत होते.

अडचण कुठे होती

पथ्य पाळत नसतील, हा आम्हा डॉक्टरांचा पहिला संशय असतो. मी भात बंद करायला सांगितला, चहातली साखर बंद केली. दर महिन्याला वजन होतं तिथेच. चौथ्या महिन्यात त्यांच्या पत्नी सोबत आल्या. सुभाषभाऊ बाहेर वजनकाट्यावर उभे असताना त्या खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "मॅडम, सांगायला लाज वाटते, पण सणाला पुरणपोळीवर तूप घेतलं, भजी-वडे खाल्ले, की दुसऱ्या दिवशी यांच्या संडासात तेलाचा तवंग येतो. दोन-दोन बादल्या ओतल्या तरी जात नाही."

मधुमेहाच्या रुग्णाला शौचाबद्दल विचारायचं मला चार महिने सुचलं नव्हतं. मग नीट विचारलं. पोट कधी दुखायचं का? पंधराव्या वर्षापासून. बेंबीच्या वर कळ उठायची, ती पाठीत जायची, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. गावात पित्त म्हणून औषध मिळालं. मुंबईला आल्यावर दोन ठिकाणी पहिला प्रश्न आला, "दारू किती घेता?" माळ दाखवूनही पुन्हा तोच प्रश्न आला म्हणून त्यांनी पोटदुखीचं नावच काढायचं सोडून दिलं. माझ्यासमोरही काढलं नाही, ते त्यामुळेच.

त्याच दिवशी पोटाचा साधा एक्स-रे काढला. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना, आडव्या पट्ट्यात, साबुदाणा सांडावा तसे पांढरे खडे होते. सोनोग्राफीत स्वादुपिंड आकसलेलं आणि त्याची नळी फुगलेली दिसली. दारूशी काही संबंध नसलेला हा खड्यांचा स्वादुपिंडविकार उष्ण कटिबंधातल्या देशांत जुना आहे. आपल्याकडे केरळात त्याचे रुग्ण विशेष दिसले आणि तिथेच त्याचा खूप अभ्यास झाला. एकच एक कारण सापडलेलं नाही, मात्र काही रुग्णांत आनुवंशिक दोष आढळतो. त्यातून होणारा मधुमेह टाइप 1 नाही आणि टाइप 2 सुद्धा नाही.

स्वादुपिंडातल्या पेशी काय करतात

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

स्वादुपिंड जेमतेम 80 ते 100 ग्रॅमचं. त्यातला बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. त्या भागात ठिकठिकाणी पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात, साधारण दहा लाख, पण सगळे मिळून वजनाने एक-दोन टक्केच. पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ते 1869 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण ते कशासाठी आहेत हे त्याला कळलं नव्हतं. 1889 मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि कुत्र्याला मधुमेह झाला, तेव्हा संबंध उघड झाला. या पुंजक्यांत निम्म्याहून थोड्या जास्त बीटा पेशी, तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोड्या जास्त अल्फा पेशी, आणि उरलेल्यांत मुख्यतः डेल्टा पेशी असतात.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते साधारण 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आपण पोळी-भाजी खातो तेव्हा त्याच्या दहापट साखर रक्तात उतरते, आणि उपाशी गोणी उचलतो तेव्हा स्नायू भराभर साखर ओढून घेतात. तरीही तो एक चमचा जवळपास तेवढाच राहतो.

बीटा पेशीत साखर शिरली की जळते आणि पेशीतली ऊर्जा वाढते. ऊर्जा वाढली की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं बंद होतात, त्यामुळे कॅल्शियमची उघडतात, आणि तयार ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुरचुंड्या रक्तात रिकाम्या होतात. साखर मोजणं आणि इन्सुलिन सोडणं ही दोन्ही कामं एकाच पेशीत होतात. ग्लिमेपिराइडची गोळी हेच पोटॅशियमचं दार बाहेरून लावून घेते. पेशीच उरल्या नसतील तर गोळी कुठली दारं लावणार? मी चार महिने नेमकं तेच करू पाहत होते.

स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि निम्म्याच्या आसपास तिथेच संपतं. यकृताला 'साठव' असा निरोप मिळतो. रक्तात इन्सुलिन चार-पाच मिनिटांत अर्धं होतं, म्हणून साखर उतरू लागली आणि बीटा पेशी थांबली की परिणामही लवकर ओसरतो. पण कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन माघारी बोलावता येत नाही.

आता अल्फा पेशी. साखर 70 च्या खाली सरकू लागली की त्या ग्लुकागॉन सोडतात आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर बाहेर काढतं. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर आवक जास्त झाली की माल गोदामात लावणारी टोळी बीटा पेशींची, आणि गाळा रिकामा दिसला की गोदामाचं कुलूप काढणारी अल्फा पेशींची. सुभाषभाऊंना मी हे असंच सांगितलं आणि त्यांना ते लगेच समजलं. डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून दोघींनाही आवरतं ठेवतात.

टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती बीटा पेशी निवडून मारते. खड्यांच्या आजारात निवड नसते. सूज येते, तंतू वाढतात आणि पुंजकेच्या पुंजके त्यात अडकून मरतात, म्हणजे बीटा जातात आणि अल्फाही जातात. आजूबाजूच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशी गेल्याने तेल-तूप न पचता बाहेर पडतं. हे तिन्ही नुकसान एकाच माणसात असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ते उपचारात कसं उतरतं, हे मी पुढे शिकले.

तपासण्यांनी चित्र पक्कं केलं. इन्सुलिन तयार होताना त्याच्या बरोबरीने सी-पेप्टाइडचा तुकडा सुटतो, त्यामुळे तो मोजला की शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं ते कळतं. उपाशीपोटी सी-पेप्टाइड 0.5 आलं, म्हणजे फारच कमी. बीटा पेशींविरुद्धच्या जीएडी अँटिबॉडी नव्हत्या. शौचातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक एन्झाइम, 200 च्या वर असायला हवं, ते 60 होतं. ड जीवनसत्त्वही खूप खाली होतं.

समोर असलेले पर्याय

तिसरी-चौथी गोळी जोडणं हा पहिला, आणि माझ्या मते चुकीचा. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनी 47 किलोचा माणूस आणखी सुकला असता, शिवाय इन्सुलिनची कमतरता असताना त्या गोळ्यांवर रक्तात किटोन नावाची आम्लं वाढण्याचा धोका असतो. आतड्यातल्या संप्रेरकांवर काम करणारी औषधं आजारी स्वादुपिंडात मी टाळते.

दुसरा पर्याय दिवसातून दोन वेळा मिश्र इन्सुलिन, 30 टक्के लवकर आणि 70 टक्के सावकाश लागू होणारं. स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळतं, सुया दोनच. पण त्यातला 70 टक्के भाग टोचल्यानंतर चार ते दहा तासांत जोर धरतो. म्हणजे त्या वेळी पोटात अन्न हवंच.

तिसरा, दिवसातून एकदा सावकाश चालणारं ग्लार्जिन आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट इन्सुलिन. शरीराच्या रीतीच्या हा जवळचा. पण खर्च जास्त, सुया तीन, आणि शिकावं लागतं जास्त.

आणि कुठलंही इन्सुलिन घेतलं तरी पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागणारच होत्या. इथे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. या कॅप्सूलमधलं पॅनक्रियाटिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. पचनासाठी सर्रास मिळणाऱ्या बुरशीजन्य एन्झाइमच्या औषधांनी हे काम भागत नाही. एका अनुभवी सहकाऱ्यांनी मला सल्ला दिला की सांगू नकोस, खोक्यावर बारीक अक्षरात असतं, कोण वाचतं. मला ते पटलं नाही. माणूस वीस वर्षं माळ घालतो आणि मी त्याच्या तोंडात काय घालते ते त्यालाच कळू द्यायचं नाही?

मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. माळेचा एक मणी चिमटीत धरून बसले होते. "डुकराचं?" एवढंच विचारलं, आणि आठ दिवस मागितले. गावी वडीलधाऱ्या कीर्तनकारांशी बोलून आले आणि म्हणाले, "मॅडम, औषध आहे. चवीनं खात नाही मी ते." पूर्वी इन्सुलिनही गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच यायचं, 1982 पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, हे त्यांना मी नंतर सांगितलं. निर्णय होण्याआधी सांगितलं असतं तर ते पटवल्यासारखं झालं असतं.

पहिला निर्णय आणि एकादशीची रात्र

एन्झाइमचा निर्णय होईपर्यंत इन्सुलिन थांबवणं शक्य नव्हतं. खर्चाचा विचार करून मी मिश्र इन्सुलिन निवडलं. वजनाच्या हिशोबाने दिवसाला 24 युनिट, दोन तृतीयांश सकाळी, एक तृतीयांश रात्री: 16 आणि 8. नेहमीचा ठोकताळा. चिठ्ठीवर 'सकाळी-रात्री' लिहिलं. यांची सकाळ म्हणजे झोपेची वेळ आणि रात्र म्हणजे गोण्यांची, हे माहीत असूनही लिहिलं.

तेराव्या दिवशी एकादशी होती. दिवसभरात दोन केळी आणि थोडे शेंगदाणे. रात्री आठला इन्सुलिन मात्र नेमाने, कारण मी "एकही डोस चुकवायचा नाही" असं बजावलं होतं. पहाटे चारच्या सुमारास ते गाडीच्या फाळक्यापाशी गोणी पाठीवर घेताना घसरून बसले. अंग घामाने निथळत होतं, बोलणं तुटक. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "प्यायलाय वाटतं." मुकादम त्यांना पंधरा वर्षं ओळखत होता. त्याने चहाच्या टपरीवरून चार चमचे साखर पाण्यात ढवळून आणली, आधी विचारलं "गिळता येतंय का?", आणि मग पाजली. रिक्षाने जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, तिथे पोहोचल्यावर मीटरवर 52 होती. साखर पोटात गेल्यानंतर 52.

त्याच टोळीत आणखी दोघे माळकरी होते. त्यांचाही उपवास होता, तेही तेवढ्याच गोण्या वाहत होते. त्यांना फक्त थकवा आला. स्नायूंनी साखर ओढायला सुरुवात केली तशा त्यांच्या बीटा पेशी गप्प झाल्या, अल्फा पेशींनी गोदाम उघडलं. सुभाषभाऊंच्या कातडीखाली आठ तासांपूर्वीचं इन्सुलिन ऐन भरात होतं आणि ते थांबवणारं कोणी नव्हतं. गोदाम उघडायच्या अल्फा पेशी खड्यांखाली गेल्या होत्या, आणि वर्षानुवर्षांच्या कुपोषणाने गोदामात मालही फारसा नसावा. शिवाय जे खाल्लं त्यातलं किती अंगी लागलं, हाही प्रश्नच.

त्या सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते मला म्हणाले, "तुमची चूक नाही, मीच उपास सांगितला नाही." चूक माझी होती. विचारणं माझं काम होतं.

दुसरा निर्णय

मिश्र इन्सुलिन बंद केलं. ओळखीच्या मधुमेहतज्ज्ञांशी बोलून ग्लार्जिन 8 युनिट सकाळी दहाच्या जेवणाला, आणि दोन्ही मुख्य जेवणांना झटपट इन्सुलिन 4 युनिट. अट एकच: ताट समोर आल्याशिवाय झटपट इन्सुलिनचं पेन उघडायचं नाही. जेवण नाही तर तो डोस नाही. जुन्या सिरिंज घरातून काढून टाकायला लावल्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं आणि पेनातलं 100 चं. पेनातून 40 च्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो.

एन्झाइम कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, मोठ्या जेवणाला दोन, खाऊला एक, न चावता. तेल-तूप बंद नाही केलं, उलट वजन वाढायला हवं म्हणून जेवण वाढवलं. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवली: कॅप्सूल लागू पडल्या की अन्न अंगी लागेल आणि साखर चढेल, तेव्हा ती औषधाची चूक समजायची नाही. झालंही तसंच. तिसऱ्या आठवड्यात जेवणानंतरचे आकडे वर गेले आणि आम्ही इन्सुलिन दोन-दोन युनिटांनी वाढवलं.

दंडावर चौदा दिवसांचा साखर मोजणारा सेन्सर लावला. त्याचा खर्च टोळीने वाराईतून, म्हणजे गोण्या उतरवण्याच्या मजुरीतून, वर्गणी काढून केला. आलेख पाहून मला धक्का बसला. पाच रात्री अडीच ते साडेचारच्या दरम्यान साखर साठच्या घरात गेली होती आणि त्यातल्या तीन रात्री त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. ग्लुकागॉन नसलेल्या शरीराला अॅड्रिनलिनच्या घाम-थरथरीवर भागवावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा साखर पडली की तीही सूचना मंदावते. मग रात्री साडेबाराला एक राजगिऱ्याचा लाडू आणि तीन वाजता दुसरा, इन्सुलिनशिवाय, असं ठरलं. रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन एका युनिटने उतरवलं.

मुकादमाला दवाखान्यात बोलावून मीटर शिकवलं. ग्लुकोजची पुडी एक सुभाषभाऊंच्या खिशात, एक टपरीवाल्याकडे. बोलता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर झोपवायचं आणि 108 ला फोन.

एचबीए1सीचं लक्ष्य मी मुद्दाम 7.5 ते 8 ठेवलं. एका कनिष्ठ सहकाऱ्याने विचारलं की चौतिसाव्या वर्षी इतकं सैल का. अल्फा पेशी शाबूत असत्या तर मीही घट्ट धरलं असतं.

निष्पत्ती

आठ महिन्यांत वजन 47 वरून 53 किलो. एचबीए1सी 7.9. शौचातला तवंग गेला, ही बातमी पत्नीने आत येता येता दिली, त्या वेळी आवाज हळू नव्हता. पहाटेचं पडणं पुन्हा झालं नाही. 60 च्या खालची साखर दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी स्वतः पकडली.

सगळं सुटलेलं नाही. पोटदुखी महिन्यातून एखाद्या वेळी येते. नळीतले मोठे खडे दुर्बिणीतून काढण्याचा किंवा फोडण्याचा सल्ला पोटविकारतज्ज्ञांनी दिला आहे, सुभाषभाऊ अजून तयार नाहीत. या आजारात पुढे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. वजन विनाकारण उतरलं किंवा दुखण्याची तऱ्हा बदलली तर त्याच आठवड्यात यायचं ठरलं आहे. डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचा बदल दिसतो, तो दर वर्षी तपासायचा.

एकादशी त्यांनी सोडली नाही, मीही सोडायला सांगितली नाही. त्या दिवशी ग्लार्जिन कमी, भगर आणि दाण्याची आमटी ताटात आली तरच झटपट इन्सुलिन, आणि रात्री गोण्यांऐवजी काट्यावरचं काम. ती अदलाबदल मुकादमाने स्वतःहून लावून दिली.

आज पुन्हा केलं तर

पहिल्याच भेटीत, 47 किलोचा माणूस समोर बसलेला असताना, मी चार प्रश्न विचारले असते: लहानपणी पोट दुखायचं का, शौच तेलकट होतं का, वजन कधीपासून उतरतंय, घरात आणखी कुणाला असं आहे का. साधा एक्स-रे आणि सी-पेप्टाइड तेव्हाच केलं असतं, चार महिने वाचले असते. दारूचा प्रश्न विचारावाच लागतो, पण एकदा. उत्तर मिळालं की त्यावर विश्वास ठेवावा, नाहीतर पुढचं दुखणं माणूस सांगत नाही.

इन्सुलिनच्या चिठ्ठीवर आता मी 'सकाळी-रात्री' लिहीत नाही. आधी चोवीस तासांची एक रेघ कागदावर ओढते आणि झोप कधी, जेवण कधी, जड काम कधी, उपवास कुठले हे रुग्णाकडूनच तिच्यावर भरून घेते. पाच-सात मिनिटं लागतात. मिश्र इन्सुलिन वाईट नाही, वेळेवर जेवणाऱ्या कित्येकांना मी आजही देते. सुभाषभाऊंना ते द्यायला नको होतं, आणि द्यायचंच होतं तर निम्म्या डोसने सुरुवात करायला हवी होती.

सेन्सर मी लावला तो सुभाषभाऊ पडल्यानंतर. तो इन्सुलिन सुरू करतानाच लावायला हवा होता. तेव्हा खर्चाचं कारण मी परस्पर गृहीत धरलं, टोळीला विचारलंच नाही.

हा आजार काही घरांत एकाहून जास्त जणांना होतो. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात पोट दुखतं म्हणून आई त्याला घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, यावेळी आधीच सांगते." सोनोग्राफी केली. स्वादुपिंड स्वच्छ दिसलं, साखर 88. वर्षभराने पुन्हा बघायचं ठरलं आहे.